गौरींच्या डोक्यावरचं सिंक

भाद्रपद, गौरी आवाहनाचा दिवस, दुपार. हजर: मी, सासूबाई, खालच्या मजल्यावरच्या काकू. गैरहजर: नवरा, इगतपुरीला ड्युटीवर, आणि आमचा नेहमीचा प्लंबर, घोटीकडे गावी. त्याने एकदा फोन उचलला, गौरी आणायला आलोय ताई, परवा येतो म्हणाला, आणि नंतर फोन बंदच करून टाकला.

काकू दारात उभ्या होत्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत तळाशी थोडं गढूळ पाणी. आत यायला तयार नव्हत्या.

"वास घेऊन बघ," त्या म्हणाल्या.

घेतला. कांदा, शिळा भात आणि ओल्या फडक्याचा कुबट वास. आमच्याच सिंकचं पाणी, विचारायची गरज नव्हती.

आमच्या सिंकखाली कचरा दळायचा ग्राइंडर आहे. मुलीने हट्टाने बसवून दिला. घंटागाडी येते तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवर असते आणि सासूबाईंचे गुडघे डबा घेऊन जिने उतरू देत नाहीत. सासूबाईंना तो पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. खरकटं घराबाहेर जायला हवं, घरातच काय दळत बसायचं, हे त्यांचं म्हणणं. पण वापरतात.

या सिंकच्या बरोब्बर खाली काकूंच्या घरात भिंतीतला कोनाडा आहे आणि कोनाड्यापुढे त्यांच्या गौरी उभ्या राहतात. त्यांच्या सासूबाईंपासून तीच जागा. मखर सजवून तयार होतं. वाटीतलं पाणी त्याच मखराच्या कमानीवर पडलं होतं.

काकूंचा आवाज चढला नव्हता. "दिवे लागायच्या आत गौरी घरात यायच्या आहेत. खरकटं पाणी डोक्यावर पडणार असेल तर मी त्यांना तिथे उभं करणार नाही. आणि दुसरीकडे उभं करायचं माझ्या मनात नाही. तू काय ते बघ."

त्या खाली गेल्या. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. दर वर्षी काकूंच्या गौरींना साडी त्या नेसवतात. निऱ्या त्यांच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. या वेळी काकू त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

मी कामाला लागले. आधी ग्राइंडरचा प्लग काढला आणि मेन स्विचही पाडला, कारण सॉकेटखालची भिंत ओली होती. मग सिंकखालचं सगळं बाहेर: पिशव्यांनी भरलेली पिशवी, फिनेलची बाटली, घासण्या, जुनी रद्दी, पाइपावर वाळत घातलेलं फरशीचं फडकं आणि तागाचं पायपुसणं. सगळं कोरडं पुसून घेतलं. ग्राइंडरच्या अंगाला, पाइपांना आणि जमिनीवर कोरडा पेपर लावला. ओलं जिथे आधी दिसेल तिथे दोष.

गळायच्या जागा तीनच. वर, जिथे यंत्र सिंकला टांगलेलं असतं. बाजूला, जिथून दळलेलं पाणी पाइपात जातं. किंवा तळातून. तळातून असेल तर यंत्र आतून गेलं, काढून फेकायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्याकडून होणार नव्हतं.

बूच लावून सिंकमध्ये अगदी बेताने पाणी घेतलं, खाली परात सरकवली आणि वाट पाहिली. वरचा पेपर कोरडा. मग मेन स्विच चढवला, प्लग लावला, बूच काढून ग्राइंडर चालू केला. सासूबाई बॅटरी धरून वाकल्या होत्या, गुडघे विसरून.

तळाचा पेपर कोरडाच राहिला. बाजूच्या पाइपाच्या तोंडाशी मात्र एक काळपट डाग उमटला, पसरला, आणि परातीत थेंब वाजला.

सगळं पुन्हा बंद केलं. त्या तोंडाशी दोन स्क्रूंवर एक लोखंडी पट्टी आहे आणि पट्टीच्या आत रबरी वायसर. दोन्ही स्क्रू बोटांनी फिरत होते. वायसर एका बाजूने खाली चेपून सरकला होता. असं आपोआप होत नाही. कुणीतरी पाइप रोज खाली ओढत असल्याशिवाय नाही.

माझी नजर पायपुसण्याकडे गेली. सासूबाईंचीही. पाण्याने जड झालेलं, आत्ताही ठिबकत होतं. फरशीचं फडकं आणि पायपुसणं धुतल्या कपड्यांच्या दोरीवर घालायचं नाही, लोकांना दिसेल असं पुढच्या बाल्कनीत तर नाहीच, हा त्यांचा नियम. म्हणून सिंकखाली, त्या पाइपावर. वरून यंत्राची थरथर, खालून ओल्या तागाचं वजन. शिवाय गळणारं पाणी ते फडकंच पीत होतं, म्हणून आम्हाला इतके दिवस कळलं नाही.

त्याच म्हणाल्या, "म्हणजे माझंच." आणि बॅटरी खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या.

वायसर काढून धुतला, उलटा करून बसवला, स्क्रू आळीपाळीने आवळले. पाइपाला खालून लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला. पुन्हा पाणी सोडलं. पेपर कोरडा. मी पळत खाली गेले.

छतातून थेंब पडतच होता.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला समजावावं लागलं की स्लॅबने पाणी धरून ठेवलंय, ते निथळायला वेळ लागतो. हे पाणी जुनं असेल.

"असेल म्हणजे?"

जुना थेंब आणि नवा थेंब ओळखायचा कसा? वर जाऊन सासूबाईंना हळद मागितली. त्यांनी देव्हाऱ्याजवळची वाटी आधी उचलून आत ठेवली. "ती गौरीची. सिंकला मिसळणाच्या डब्यातली घे."

सिंकमध्ये हळद कालवली आणि पिवळंधमक पाणी ग्राइंडरमधून सोडलं. खाली गेले तर काकूंनी मखर बाजूला ओढून पांढरा रुमाल अंथरला होता. पिवळा थेंब पडला तर दुरुस्ती फसली. आम्ही दोघी वर बघत उभ्या राहिलो. बाहेर कुणाच्या तरी दारात ताट-चमच्याचा आवाज सुरू झाला होता, त्यांच्या गौरी येत होत्या. थेंब पडला. मळकट, पण पिवळा नाही. बऱ्याच वेळाने दुसरा. तोही तसाच. मग काही नाही.

मी खरं तेच सांगितलं, की नवीन पाणी झिरपून खाली यायला रात्रही लागेल, आत्ता खात्री देता येत नाही.

"मला एवढंच सांग," काकू म्हणाल्या. "उभ्या करू का नको?"

"करा. तुमच्या गौरी जाईपर्यंत मी सिंकमध्ये चूळसुद्धा भरणार नाही."

वर येऊन सिंकखालचा कॉक बंद केला, सिंकवर परात पालथी घातली आणि भांडी मागच्या बाल्कनीतल्या नळाखाली नेली. पायपुसणं कुठे वाळत घालायचं ते ठरेना, म्हणून बादलीतच ठेवलं. तेवढ्यात जिन्यातून काकूंची हाक आली.

"वहिनी, साडी नेसवायला येताय की मी तशाच उभ्या करू?"

सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. मी मागे होते, पण त्यांनी हात घेतला नाही.

हे सगळं कालचं. आज गौरी जेवल्या. आम्हालाही प्रसादाला बोलावलं होतं. मी पुरणपोळी खाल्ली, पण चव विचारलीत तर सांगता येणार नाही. सगळा वेळ कमानीच्या वरच्या त्या ओल्या वर्तुळाकडे बघत होते. कालच्यापेक्षा लहान वाटलं. रंग दिव्यांच्या माळांमुळे ओळखता येईना. सासूबाईंनी एकदाही वर पाहिलं नाही.

उद्या विसर्जन. सिंक काठोकाठ भरून बूच काढायचं आणि ग्राइंडर चालू असताना खाली जाऊन छताखाली उभं राहायचं, एवढं राहिलंय.