मसूदा आणि बल्गेरियाचे पाच सिनेमे

मूळची म्हसळ्याची मसूदा बावीस वर्षांपूर्वी आखातात तुबली इथल्या एका भाषांतर कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. खाली गॅरेजांची ठोकाठोक, वर तिचं ऑफिस. नवरा हारून निवृत्त होऊन गावी परतला होता. मुलगी सुमय्या हिचं कॉलेज संपेपर्यंत मसूदा मागे राहिली होती. घरी येऊन ती खुर्चीत बसली की सुमय्या म्हणायची, "अम्मी, जस्ट रिझाईन!" मसूदा म्हणायची, "बघू," आणि तिथेच डोळे मिटायची.

त्यातच हा महोत्सव आला. झल्लाकच्या एका हॉटेलात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता. छोट्या देशांतल्या सिनेमाला हात द्यावा म्हणून यंदा बल्गेरियाचे पाच सिनेमे मागवले होते. त्यांना सबटायटल्स नव्हती. पडद्याखालच्या पट्टीवर इंग्रजी-अरबी ओळी दाखवायच्या होत्या आणि पात्र बोललं की लॅपटॉपचं बटण दाबून पुढची ओळ आणायची होती. हे काम मसूदाचं. बल्गेरियन तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण तालमीत प्रत्येक सिनेमा तीन-तीनदा पाहून कोण कधी तोंड उघडतं, हे तिने पाठ केलं होतं. चौथ्या दिवशी तिची मान दगडासारखी झाली होती.

शेवटचा सिनेमा सकाळी अकराला होता. डोंगरातल्या ओस पडलेल्या गावात एकटीच उरलेल्या म्हातारीची गोष्ट. तो सिनेमा बनवणाऱ्या रादकाबाई, सत्तरीच्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

विसाव्या मिनिटाला घोळ झाला. पडद्यावर मयत निघाली होती आणि पट्टीवर आलं, "चहा घेणार का?" लोक हसले. मसूदाच्या लक्षात आलं. तालमीतली प्रत वेगळी होती. या प्रतीतून मधले प्रसंगच कापले होते!

महोत्सवाची तांत्रिक बाजू सांभाळणारा सागर वाकून कुजबुजला, "मसूदाताई, थांबवू का शो?"

"नको. जरा गप ऱ्हा."

तिने पट्टी कोरी केली आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. म्हातारी काहीबाही पुटपुटत होती. मध्येच शब्द आला, "सापून." मसूदाने डोळे उघडले. साबून! तिच्या घरातलाच शब्द. तिने भराभर ओळी खाली सरकवल्या, साबणाची ओळ शोधली आणि बटण दाबलं. जुळलं. पुढे पुन्हा तुकडा गायब झाला, तेव्हा "संदुक" ऐकू आलं, मग "पेर्दे". संदूक, परदा. एकेका शब्दाला धरून तिने सिनेमा पैलतीराला नेला. दिवे लागले तेव्हा लोक डोळे पुसत होते. घोळ बहुतेक विसरले होते.

रादकाबाई थेट तिच्याकडे आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "चूक आमची. नवी प्रत पाठवली आणि कळवायचं राहिलं. तुम्हाला बल्गेरियन येतं?"

मसूदाने नाही म्हणून मान हलवली. बाईंचा चेहरा उजळला. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि धो धो बल्गेरियनमध्ये बोलू लागल्या. अडवायचं त्राण मसूदात नव्हतं. ती नुसती "हं, हं" करत मान डोलवत राहिली. ती डोलवेल तसा बाईंना चेव येत होता. त्या हात नाचवून काहीतरी पटवू लागल्या.

शेवटी हसू दाबत सागर पुढे आला. "ताई, यांच्याकडे उलटं असतं. मान डोलवली की नाही, आणि हलवली की हो. मघापासून तुम्ही त्यांचं सगळं खोडून काढताय!"

सागरने बाईंना खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "शब्द न कळता? कसं केलंत?"

"तुमच्या म्हातारीचे चार शब्द माझ्या आईच्या तोंडचे होते," मसूदा म्हणाली. "बाकी बावीस वर्षांची सवय."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. दोघीही दमल्या होत्या. रिकाम्या हॉलमध्ये थोडा वेळ तशाच बसल्या.

परतताना गाडीतच ऑफिसचा मेसेज आला. रविवारपासून सखीरला, विद्यापीठात परिषद, तीन दिवस. मसूदाने "ओके" लिहिलं. मग ते न पाठवताच खोडलं, हारूनला फोन लावला आणि म्हणाली, "ऐका, सुमय्याची शेवटची परीक्षा मे महिन्यात हाय. जूनचं तिकीट बघा माझं, फक्त येण्याचं."

पलीकडे हारून काही विचारत होता. तिने खिडकीला डोकं टेकवलं. "नाय ओ, काय झाला नाय. दमले फक्त."