कच्चं पाणी

विल्फ्रेड रिकाम्या पाण्याला खायला घालायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तेच करत होता. आम्ही परळची खोली विकून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. आत भिंतीला लागून काचेची मोठी टाकी, वर दिवा, पाण्यात बुडबुडे, आणि मासा एकही नाही. सत्तरीचा एक माणूस अर्ध्या चड्डीत नि बनियनमध्ये उभा राहून चिमटीतलं माशांचं खाणं त्या पाण्यात भुरभुरत होता, आमटीत मीठ घालावं तसं बेताने.

मी दारातूनच विचारलं, "मासे मेले का?"

मला आडून बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यात ते शिकवलं नाही.

तो वळला. "मेले न्हाय बाय. अजून आणलेच न्हाय."

"मग भरवताय कोणाला?"

"दिसत न्हायत त्यांना."

म्हातारा कामातून गेलेला दिसतो, असं मला वाटलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या पलंगावरून बाईचा आवाज आला. "आत ये गं. तुला वाटलं ते सगळ्यांनाच वाटतं. पण हा वेडा न्हाय, हट्टी हाय."

ती त्याची बायको फिलोमिना. सगळे तिला फिला म्हणत.

दोघं तारोडीची, समुद्रकाठची जुनी ख्रिस्ती माणसं. विल्फ्रेडच्या बापाची होडी होती, पण हा होडीवर गेला नाही. कारखान्यात पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. एकच मुलगी, ती लग्न करून परदेशात. फिलाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि दिवसाआड डायलिसिस लागलं. गावाहून बस आणि रिक्षा करत येणं तिला झेपेना, म्हणून सेंटरजवळ हा भाड्याचा फ्लॅट घेतला. गावी तिच्या ओट्यावरून समुद्र दिसायचा. इथे पलंगावरून समोरच्या विंगेचे संडासाचे पाइप दिसायचे. टीव्हीने तिचं डोकं दुखायचं. ती म्हणाली, मला काहीतरी हलणारं बघायला दे. म्हणून ही टाकी आली. आणि टाकी आल्यापासून विल्फ्रेड पाणी पिकायची वाट बघत होता.

पाणी पिकतं म्हणजे काय, ते त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मासा जिथे राहतो तिथेच हगतो-मुततो. त्याचं विष होतं आणि मासा त्यातच मरतो. पण पाण्यात एक जातीचे जंतू वाढतात, ते हे विष खातात. खाऊन दुसरं विष करतात. मग दुसऱ्या जातीचे जंतू येतात, ते त्याचं असं काही करतात की माशाला ते सोसतं. हे सगळे जंतू फिल्टरमध्ये घर करतात. त्यांना वाढायला कित्येक आठवडे लागतात, आणि मासे नसताना त्यांना जगवायचं तर खाणं कुजवावं लागतं. म्हणून ती चिमूट.

"पाणी दिसायला सारखंच," तो म्हणायचा. "कच्चं काय नि पिकलेलं काय, डोळ्याला फरक न्हाय. मरणाऱ्याला कळतो."

त्याच्याकडे काचेच्या बारीक नळ्या होत्या. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि खिडकीशी धरून रंग बघायचा. एका नळीत हिरवं आलं म्हणजे पहिलं विष. दुसरीत जांभळं आलं म्हणजे दुसरं. सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं की समोर हा नळी डोळ्याशी धरून उभा.

फिला म्हणायची, "माझं पण दिवसाआड असंच बघतात. माझं फिल्टर गेलं ते कोणाला बसवता येईना, म्हणून ह्याने माशांचं बसवायला घेतलंय."

तो हसायचा नाही. ती हसायची.

एकदा मी भाजीला निघाले होते, तर तो म्हणाला, चल, माझं पण दुकानात काम हाय. स्टेशनजवळ टाकीतल्या माशांचं दुकान होतं. दुकानदार जाडा, सतत पान खाणारा. त्याने टाकीबरोबर फिल्टरमध्ये घालायला पांढऱ्या कापसाच्या आणि कोळशाच्या थैल्या दिल्या होत्या. त्या विल्फ्रेडने परत नेल्या.

"अंकल, हर महिने निकालके नया डालने का," दुकानदार म्हणाला. "पानी एकदम कांच."

"हर महिने निकालेगा तो अंदर का जंतू किधर रहेगा? हर महिने उसका घर तोडेगा?"

"जंतू चाहिए किसको? ये बॉटल डालो, आज ही मछली डालो."

"और कल?"

"कल फिर आना. मछली है ना."

विल्फ्रेड म्हणाला, "तू मछली नही बेचता. मय्यत बेचता है." आणि त्याने जाड भोकांचा निळा स्पंज घेतला, चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या घेतल्या. परतताना मला एक कडी हातात दिली. खडूसारखी पांढरी, हलकी. "हिच्यात बारीक बारीक खोल्या हायत. कोळसा वास घेतो नि दोन महिन्यांत मरतो. ही मरत न्हाय. हिला फक्त टाकीतल्याच पाण्यात खळबळायची, नळाखाली कधी न्हाय. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते."

मी म्हटलं, "नुसते मासे आणून टाका ना. चार मेले तर मेले. बायको वाट बघते."

तो रस्त्यातच थांबला. "पकडलेला मासा मरतो तो ताटात जातो. त्याचं मला काय वाटत न्हाय, आमचा जन्म त्याच्यावर गेला. हा कशाला मरावा? तोंड वर काढून काढून मरतात ते. तिने तेच बघायचं?"

मी ती कडी पिशवीत ठेवली आणि चालायला लागले.

हळूहळू नळीतलं हिरवं पिवळं झालं, म्हणजे पहिलं विष गेलं. मग दुसरी नळी जांभळी झाली आणि तशीच राहिली. मी रोज विचारायची, तो रोज "कच्चं हाय" म्हणायचा. स्पंजवर तपकिरी बुळबुळीत थर चढला, जवळ गेलं की डबक्यासारखा वास यायचा. तो वास घेऊन तो खूश व्हायचा. शेवटी जांभळं फिकट व्हायला लागलं. तेव्हा त्याने फिलाला शब्द दिला, पुढच्या रविवारी मासे.

त्याच आठवड्यात फिला सेंटरमधून आली ती स्ट्रेचरवरून. मशीनवर तिचं प्रेशर खाली जायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, ती ओरडायची. त्या दिवशी तिने घरी येऊन सांगितलं, "आता मी परत तिथे जाणार न्हाय." विल्फ्रेडने समजावलं, मुलीने फोनवर रडून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही जा, झोपा त्या खुर्चीत, मग मला सांगा." डॉक्टरांनी विल्फ्रेडला बाजूला घेऊन सांगितलं, बंद केलं तर आठवडा, फार तर थोडं जास्त.

विल्फ्रेड घरी आला आणि नळी भरली. मी तिथेच होते. जांभळं जाऊन रंग जवळजवळ निळा झाला होता, म्हणजे दुसरं विषही संपत आलं होतं. "रविवारपर्यंत होतंय," तो म्हणाला. तो टाकीबद्दल बोलत होता, पण बघत फिलाकडे होता.

शनिवारी फादर येणार होते. त्यांच्यात आजारी माणसाला घरी कम्युनियनचा प्रसाद देतात, कपाळावर तेलाचा क्रूस करतात. त्यासाठी टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, घर लख्ख. ते करायला फिलाची धाकटी बहीण रोझी सकाळीच तारोडीहून आली. रोझी कामाला वाघ होती. आयुष्यभर मासळी सुकवली, दुसऱ्यांची घरं पुसली. आल्या आल्या पदर खोचला आणि पंखे, जाळ्या, बाथरूम सगळं घासलं. विल्फ्रेड औषधं आणायला गेला होता, फिला गुंगीत होती.

मी दुपारी वरणभात घेऊन गेले तर खिडकीच्या ग्रिलवर उन्हात स्पंज वाळत होता. निळाशार. खाली वर्तमानपत्रावर कड्या पसरलेल्या, दुकानातून आणल्या तशा पांढऱ्या.

"किती घाण व्हती ती!" रोझी म्हणाली. "शेवाळ, वास. माझी बहीण त्या वासात झोपते. ब्लीचिंग पावडरमध्ये बुडवून ठेवल्या, मग निघालं. आता फादर आले तरी लाज न्हाय."

मी तोंड उघडणार, इतक्यात विल्फ्रेड आला. त्याने ग्रिलकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. वाकून एक कडी उचलली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मला वाटलं, आता हा तिला मारतो.

"चहा घेतलास का रोझी?" तो म्हणाला.

मी त्याला बाहेर पॅसेजमध्ये ओढलं. "सांगा तिला काय केलं ते! तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"तू एक शब्द बोलायचा न्हाय." इतक्या दिवसांत तो माझ्यावर पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिने बहिणीचं शेवटचं घर पुसलंय, बाय. तिच्याकडे द्यायला तेवढंच हाय. ते कशाला काढून घ्यायचं?"

"आणि मासे?"

"परत पहिल्यापासून," तो म्हणाला. मग त्याने आत पलंगाकडे पाहिलं. तेवढे आठवडे तिच्याकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो सकाळीच त्या दुकानात गेला. मीही गेले. ज्याला मय्यत विकणारा म्हणाला होता त्याच्यासमोर हा हात जोडून उभा राहिला. "तेरे किसी फिल्टर का गंदा स्पंज दे. थोडा तुकडा दे. उसका जंतू मेरे में लगेगा."

दुकानदाराने पान थुंकलं. "अंकल, इधर रोज दवा डालते है. अंदर कुछ जिंदा नही है."

विल्फ्रेडने निळ्या औषधाच्या टाक्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "छोटी मछली दे. जो सबसे मजबूत है वो."

"पानी बन गया?"

"नही बना."

"आप ही तो बोलते थे..."

"बोलता था," विल्फ्रेड म्हणाला.

दुकानदाराने जास्त काही विचारलं नाही. निवडून निवडून मासे दिले.

फिलाला उशीला टेकवून बसवलं. लाल-निळ्या शेपट्यांचे गप्पी मासे टाकीत सुटले तेव्हा तिचे डोळे एकेकाच्या मागे फिरत राहिले. मग म्हणाली, "तो बघ, तुझ्यासारखा. एकटाच कोपऱ्यात." विल्फ्रेड हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर तो बादल्या वाहत राहिला. विष वाढू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ निम्मं पाणी काढायचं आणि ड्रममध्ये निवळत ठेवलेलं नवीन भरायचं. गुडघे धरून उठायचा. मी बादली धरायला जायची. तरी मासे मरत होते. फिला जागी व्हायच्या आत तो जाळीने मेलेला काढायचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळायचा.

एकदा तो पाणी भरायला गेला होता, तेव्हा फिलाने मला जवळ बोलावलं. आवाज पार गेला होता. "सकाळी एक कमी असतो. मला कळतं. मासेवाल्याची पोर हाय मी." दम घेऊन म्हणाली, "त्याला बोलू नको. त्याला वाटतंय मी खूश हाय."

"नाहीस का?"

"हाय ना," ती म्हणाली. "मासे मरू देत. हा माझ्यासमोर असतो."

ती शुक्रवारी गेली. तेव्हा टाकीत थोडे मासे उरले होते. गावी दफन करून आलेला विल्फ्रेड काळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादली घेऊन उभा राहिला. नातेवाईक आपसात बोलले, बायको आत्ताच पुरली आणि हा मासे धुतोय. त्याने ऐकलं असणार. बादली खाली ठेवली नाही.

फिलाच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी तारोडीला गेले. मिस्सानंतर सगळे जेवायला बसले. रोझी वाढत होती. विल्फ्रेडच्या ताटाशी आली आणि तिचा बांध फुटला. "माझ्या बहिणीने मासे तेवढे मागितले. हा कित्येक आठवडे नुसतं पाणी बघत बसला. आणले ते शेवटाला, नि तेही रोज मरत होते. मरणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर मढी ठेवली ह्याने!"

मी बोलायला तोंड उघडलं. विल्फ्रेडने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"खरं हाय, रोझी," तो म्हणाला. "थोडा भात वाढ."

पुढे ते पाणी पिकलं, उरलेले मासे जगले. फ्लॅट सोडला तेव्हा त्याने टाकी टेम्पोतून गावी नेली. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्याच्या डब्यात बुडवून, डबा मांडीवर घेऊन, तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मला म्हणाला, "येत जा, बाय." मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले ती त्याच्या दफनाला.

सगळे पांगल्यावर सिमेट्रीच्या फाटकाशी रोझीने माझा हात धरला. तिची बोटं पावडरीने सोलवटलेली होती, अजून घरं पुसते. "बाय, तू समोर राहत व्हतीस. तू खोटं बोलत न्हाय. ते मासे का मरत व्हते गं?"

मी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"त्याने घाई केली," मी म्हटलं.

"मला वाटलंच व्हतं," रोझी म्हणाली आणि डोळे पुसले.