जीपमध्ये म्हणे कुंड्या!

अप्पांच्या जीपमध्ये कुंड्या लावायच्या! माझा सख्खा भाऊ हे फोनवर इतक्या सहज बोलला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नांदेड रोडच्या एका ढाबेवाल्याला दारात शोभेला जुनी गाडी हवी होती. बॉनेट काढून आत फुलझाडं. दसऱ्याला सकाळी तो ती ओढून नेणार होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या आडतीत त्यांची हयात गेली, आणि दरसाल याच जीपमधून ते आम्हाला माहूरला देवीच्या दर्शनाला न्यायचे. यंदा पाय उचलत नव्हते, तरी एकच धोशा : आईचं दर्शन शेवटचं घेतो, पण माझ्या जीपमधून. जीप बंद पडली आणि त्यांचं बोलणंही बंद झालं. मी नवऱ्याला घेऊन खंडेनवमीला सकाळीच नांदेडहून लातूर गाठलं.

दारात जीप हिरवीगार चमकत होती. ढाबेवाल्याला दाखवायची म्हणून दादानं तिला वरपासून खालपर्यंत रंग मारून घेतला होता. चावी फिरवली की नुसता टक् आवाज, संपलं. दिवे मिणमिणायचे, हॉर्न दाबला की तेही मान टाकायचे. दादानं बोलावलेला मेस्त्री म्हणाला, वायरिंग सगळी कुजली, गाडीत जीव न्हाई राहिला. आणि हे सांगत कुणाला होता? माझ्या नवऱ्याला! त्या बिचाऱ्याला स्टेपनी कुठं असते तेही माहीत नाही. मी विचारलं, रंगाच्या आधी चालू होती का? हाव, होती की, असं मेस्त्रीनं नवऱ्याला सांगितलं. बॅटरी? नवी हाय. तेही नवऱ्यालाच. अरे, विचारून मी राहिले ना!

या जीपखाली अप्पांसोबत मी लई वेळा पाठ टेकलीय. वाकून पाहिलं. बॅटरीची एक तार चेसीच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली असते, तेच तिचं अर्थिंग. रंगवाल्यानं ती सोडली, खालचं लोखंड छान रंगवलं आणि तार रंगावरच परत आवळली. रंगातून करंट जातो होय?

बोल्ट सोडायला पाना हवा. आणि पाने देवघरात, हळदीकुंकू लावून बसलेले. मेस्त्रीचेही गॅरेजात पुजेलाच. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्याकडं अप्पांचाच कडक नियम. दादाला आयतंच निमित्त सापडलं. उद्या पूजा हलल्यावर घे म्हणाला, म्हणजे जीप ढाब्यावर गेल्यावर! एरवी हा माणूस देवापुढं उदबत्तीसुद्धा लावत नाही!

तेवढ्यात अप्पा भिंत धरत देवघरात गेले. पान्यावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवून त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "घे. देवी काय म्हणायची ती मला म्हणंल."

बोल्ट सोडला, लोखंड चकाकेपर्यंत खरवडलं, तार आवळली. चावी फिरवली आणि जीप अशी खाकरली की शेजारीपाजारी बाहेर आले. मला रडू आलं, त्यात लाजायचं काय?

दादा हसत म्हणाला, "बरं झालं. आता चालू गाडीचा भाव मागतो."

अप्पा माझ्या नवऱ्याचा खांदा धरून जीपमध्ये चढले, माझ्या शेजारी बसले आणि दादाला म्हणाले,

"ढाबेवाल्याला सांग, अप्पा गाडीत बसलेत. कुंड्या त्यांच्या मांडीवर ठेव म्हणावं."

मग त्यांनी उतरायचं नावच घेतलं नाही. ताट गाडीतच दिलं, आणि अप्पांनी हात धुतल्याबरोबर मी माहूरच्या रस्त्याला लागले.