रिकाम्या पोटाचा उपास

आमचे सर हिमालयात जाऊन आले होते. हे आम्हाला योगशिक्षक अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी कळलं आणि पुढे त्यांनी ते कुणाला विसरू दिलं नाही. वाशीममध्ये एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग होता. खालून फवारणीच्या औषधाचा वास यायचा आणि वर सर डोळे मिटून सांगायचे, ‘दीर्घ श्वास घ्या, प्राणशक्ती आत जाऊ द्या.’ आम्ही घ्यायचो. दोघी-तिघी खोकायच्या.

हिमालयात त्यांना गुरू भेटले. कधी ते गुहेत भेटत, कधी नदीकाठी; एकदा तर बसस्टँडवर भेटले. गुरूंनी नेमकं काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सर मंद हसायचे आणि म्हणायचे, ‘ते शब्दांत मावत नाही.’ जे शब्दांत मावत होतं तेही ते फारसं शिकवत नसत. आसनं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी करून दाखवायची. सर बाजूला पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात बसून ‘सुंदर, सुंदर’ म्हणायचे.

शिक्षकाबद्दल असं लिहिताना हात अडखळतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकवणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत, हे घरातून मनावर पक्कं बिंबवलेलं आहे. पण खोटं तरी किती लिहायचं?

माझी प्रेरणा विचाराल तर ती सांगण्यासारखी मोठी नाही. शाळेत खेळाच्या तासाला बाईंनी सगळ्यांना वाकायला लावलं. माझं अंग सहज वाकलं, म्हणून त्यांनी मला रांगेतून काढून पुढे उभं केलं. तोवर मला कुणीच कशासाठी पुढे उभं केलं नव्हतं. अंग वाकतं, पण चार लोकांसमोर आवाज निघत नाही, ही माझी अडचण. मला योगशिक्षिका व्हायचं होतं आणि त्याआधी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: मला शिकवता येतं का? जाणकार माणसाने मला शिकवताना एकदा बघावं आणि खरं काय ते सांगावं, एवढ्यासाठीच मी या अभ्यासक्रमाला आले होते. शेवटची परीक्षा तशीच होती. आपल्या गावात वर्ग घ्यायचा आणि सर येऊन तो बघणार.

सरांचे सल्ले मी वहीत नीट उतरवून घेतले. ब्राह्ममुहूर्तावर उठा. निसर्गाच्या सान्निध्यात राहा. उकिडवं बसायची सवय ठेवा. आमचं घर रिठदच्या शिवारात भाजीपाला पिकवतं. ब्राह्ममुहूर्तावर आमच्याकडे मेथीच्या जुड्या मालवाहू ऑटोत चढत असतात, कारण वाशीमच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, गाडी उशिरा पोचली की भाजी सुकते आणि भाव पडतो. निसर्गाच्या सान्निध्यात आमच्या बाया दिवसभर तण उपटत निंदण करतात, तेही उकिडवं बसूनच. त्यांच्या कंबरा त्यामुळेच धरलेल्या आहेत. हे मी एकदा चाचरत सरांना म्हणाले. ते म्हणाले, ‘त्या जागरूकतेने बसत नाहीत.’

मी गावात मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात वर्ग सुरू केला. वेळ दुपारी चारची. सकाळपासून बाया बाजारात नाहीतर निंदणावर असतात आणि ऊन उतरलं की उद्याची भाजी कापायला लागतात, मधला एवढाच वेळ मोकळा. वहीत होतं तसं मी सांगितलं, ‘रिकाम्या पोटी यायचं.’

‘दुपारी कायचं रिकामं पोट व?’ शेजारची काकू म्हणाली. ही काकू आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायांच्या वतीने बोलते.

‘सरांनी सांगितलं आहे, काकू.’

‘बरं माय. करू.’

आणि त्यांनी खरोखर केलं. पहिल्याच आठवड्यात पवनमुक्तासनाला गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, तर अर्ध्या बाया विव्हळायला लागल्या. एकीला उलटीची उबळ आली. मी घाबरून विचारलं, ‘जेवून आल्या का?’

‘छे व! उपास आहे सगळ्याइले,’ काकू म्हणाली. ‘तूच तं म्हणे रिकामं पोट. भाकरीले हात नाही लावला. साबुदाण्याची उसळ खाल्ली फक्त.’

‘अन् भगर,’ दुसरी म्हणाली.

‘अन् शेंगदाण्याची आमटी. पण मीठ उपासाचं होतं बरं.’

देवाच्या दारात, घामाने, शिस्तीत करायची गोष्ट आणि त्यात अन्न वर्ज्य. आमच्याकडे याला एकच नाव आहे. मी त्यांना समजावलं, उपास नाही, पोट हलकं हवं. त्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उसळ खाऊन आल्या. उपास मध्येच सोडला तर मारुतीला काय वाटेल?

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. डोळे मिटायला सांगितलं की सगळ्या एक डोळा मिटत आणि दुसरा किलकिला ठेवून एकमेकींकडे बघत. मला वाटायचं, माझी गंमत चालली आहे.

परीक्षेच्या दिवशी सर चारचाकीतून आले. मी पहाटेपासून मनात सूचनांची उजळणी केली होती. बाया रांगेत उभ्या होत्या, लुगडी खोचून. मी ‘ताडासन’ म्हणणार तेवढ्यात काकू पुढे झाली.

‘सर, एवढ्या दुरून आले. आधी फराळ करा.’

मला वाटलं, सर नको म्हणतील. मिताहारावर त्यांनी आम्हाला दोन तास ऐकवलं होतं. सर म्हणाले, ‘प्रसाद नाकारू नये.’ देवळाच्या ओट्यावर ते बसले आणि उसळीची ताटली संपली. काकूने दुसरी वाढली, तीही संपली. वर आमटी झाली. आम्ही ताडासनात उभ्याच होतो.

‘ह्याइले कायचा उपास?’ मागून एकजण कुजबुजली.

‘योगाचा,’ दुसरी म्हणाली. ‘मोठ्या योग्याले मोठा उपास लागते.’

मी आसनं सुरू केली. सर भिंतीला टेकून बसले होते आणि डोळे मिटले होते. ते ध्यान आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मग घोरण्याचा आवाज आला. शवासनाला सगळ्या आडव्या झाल्या तेव्हा मंडपात पूर्ण शवासन करणारे सरच तेवढे होते.

जाग आल्यावर त्यांनी फोटो काढायला लावला. ते माझ्या सतरंजीवर पुढे बसले, आम्ही मागे हात जोडून. पद्मासन त्यांना पोटामुळे जमेना, तेव्हा साधी मांडी घातली.

प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट’ असं लिहून आलं. ते वाशीमच्या वर्गात घेताना मी सगळा धीर गोळा करून विचारलं, ‘सर, शिकवताना माझं काय चुकतं?’

सर थोडा वेळ आठवत राहिले. ‘उसळ छान होती,’ ते म्हणाले. ‘आणि पांढरे कपडे घे. प्रभाव पडतो.’

परतताना रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या एसटीत बसून मी ते ‘उत्कृष्ट’ पुन्हा पुन्हा वाचलं. मला त्या माणसाचा राग आला नाही. आधी त्याच्यापुढे बोलायला जीभ रेटत नव्हती. आता वाटलं, याच्यापुढे बोलायला घाबरत होते मी? आणि माझा प्रश्न तर जिथल्या तिथे होता.

दुपारी मंडपात सांगितलं, ‘काकू, मले पास केलं.’

‘कायचं पास व? त्यानं तं तुले पाह्यलंच नाही.’

‘मंग तुमी सांगा. तुमी तं रोज पाहता.’

सगळ्यांनी काकूकडे बघितलं. मग काकू म्हणाली, ‘राग नको मानू. अंग तुयं चांगलं वाकते. पण तू लय हळू बोलते, पोरी. डोळे मिटा म्हणते अन् मंग काय म्हणते ते आयकूच येत नाही. म्हणून आमी एक डोळा उघडा ठेवतो. शेजारची काय करून राह्यली ते पाहून करतो.’

‘अन् शेजारचीले कसं समजते?’

‘ते माह्याकडे पाहते.’

त्यावर सगळ्या हसल्या, मीही हसले. माझं उत्तर मिळालं होतं. चांगलं नव्हतं, पण खरं होतं, आणि यात काय सुधारायचं ते मला कळत होतं.

वहीतले सल्ले मी बाजूला ठेवले आणि मला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं: उद्यापासून उपास नाही. बाजारातून, निंदणावरून आल्या की लगेच भाकरी खा, दोन घास कमी खा, घटकाभर पडा, मग या. उकिडवं बसायचं नाही. ते दिवसभर झालेलं असतं. आपण मागे वाकायचं, पाठीवर पडायचं, पाय सोडायचे.

‘मारुतीले काय सांगू?’ काकूने विचारलं.

‘मी सांगते त्याले.’

मग त्यांना आडवं व्हायला सांगितलं. भाजीच्या गाडीमागे धावताना मी ड्रायव्हरला हाक मारते, तेवढ्या जोराने म्हणाले, ‘डोळे मिटा!’

पारावर झोपलेलं कुत्रं उठून पळालं. मी काकूच्या तोंडाकडे बघितलं. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते.