चार पात्यांचा पंखा

माझ्या मावशीला विमानतळावर नावानं कुणी हाक मारत नाही. मालाच्या शेडमध्ये ती 'चिकटपट्टी'. आपण पाठवलेलं खोकं विमानात चढेपर्यंत किती वेळा आपटतं हे पाठवणाऱ्याला दिसलं, तर तो तिथंच हंबरडा फोडेल. फुटलेलं खोकं मावशीच्या टेबलावर येतं. ती आतला माल न हलवता कोपरे बसवते, आतून नवा पुठ्ठा लावते आणि पट्टी अशी आवळून मारते की उघडणाऱ्याला घाम फुटावा. कात्री समोर असते, पण पट्टी तोडते दातांनी. त्यामुळे तिच्या पुढच्या एका दाताला खाच पडली आहे. हसली की ती खाच दिसते. हल्ली दिसत नाही.

मी शाळेची व्हॅन चालवते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचा कलकलाट ऐकून माझं डोकं आधीच तापलेलं असतं, हे मान्य. पण मावशीचं जे झालं ते मी थंड डोक्यानं सांगावं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं पुढे वाचू नये.

सुरुवात संडासापासून करावी लागेल, त्याला माझा इलाज नाही. शेडमध्ये बायका मोजक्या, पुरुष ढीगभर. बायकांसाठी मागच्या बाजूला एकच संडास. पुरुषांचा थोडा लांब पडतो आणि तो त्यांनीच घाण करून ठेवलेला, म्हणून ते सर्रास बायकांच्यात घुसायचे. बायका आत असल्या तरी दार ढकलायचे. कडी तुटली, बसवली, परत तुटली. मावशीनं सुपरवायझरकडे इतक्या चकरा मारल्या की तो तिला लांबून बघूनच "बघतो, बघतो" म्हणायला लागला. पाटी लावली. पाटीवर पान खाऊन पिचकाऱ्या मारून ठेवल्या कुणीतरी.

मग एके दिवशी मावशीनं एक गोष्ट केली. इस्पितळांना लागणारी काही औषधं विमानानं येतात, किरणं टाकणारी. त्यांच्या खोक्यांवर एक पिवळं लेबल असतं, मधे ठिपका आणि भोवती तीन काळी पाती. शेडमध्ये त्याला सगळे 'पंखा' म्हणतात. पंखा असलेलं खोकं हमाल अंगापासून लांब धरून नेतात आणि ठेवल्यावर उगाचच हात पँटला पुसतात. या लेबलांचं एक भेंडोळं मावशीच्या टेबलाच्या खणात असायचं. तिनं त्यातला एक पंखा काढला आणि संडासाच्या दारावर चिकटवला.

त्या दिवसापासून एकही पुरुष तिकडे फिरकला नाही. आत काही नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी दारापर्यंत गेलेला हात आपोआप मागे यायचा. विनंतीनं झालं नाही, तक्रारीनं झालं नाही, ते एका चिकट कागदानं झालं. बायकांनी त्या दिवशी मावशीला चहा पाजला.

मग काय, सगळ्यांनाच चटक लागली. मावशीच्या डब्यातली उकडलेली अंडी कुणीतरी लांबवायचं, तिनं डब्यावर पंखा लावला. हमालांनी आपल्या कपाटांवर लावले. खुद्द सुपरवायझरनं आपल्या खुर्चीच्या पाठीवर लावला, कारण तो उठला की दुसरा कुणीतरी बसायचा. हे नीट लक्षात ठेवा, कारण तो स्वतः नंतर हे साफ विसरला. काही महिन्यांत शेडमध्ये जिकडे बघावं तिकडे पंखे झाले आणि त्यांच्याकडे कुणी बघेनासं झालं.

आणि मग ते खोकं आलं. वर लिहिलं होतं पंपाचे सुटे भाग. कोपरा फुटला होता, आकाराच्या मानानं ते भलतंच जड होतं. मावशीनं पुठ्ठा बाजूला केला तर आत लोखंडी पेटी आणि पेटीवर पंखा. तिनं पट्टी खाली ठेवली आणि सुपरवायझरकडे गेली.

"साहेब, आतल्या पेटीवर पंखा आहे. वरच्या खोक्यावर नाही."

त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "तुम्हीच पंखे लावत सुटता आणि तुम्हीच विचारता. कुणीतरी गंमत केली असेल. बांधा."

"गंमत खोक्याच्या आत जाऊन कशी करेल कुणी?"

"बाई, विमान तुमच्यासाठी थांबायचं नाही. बांधा."

हे शेडमधल्या दोन बायकांनी आपल्या कानांनी ऐकलं. मावशीनं खोकं बांधलं. आणि विमानाकडे जाणाऱ्या फाटकातल्या, किरणं ओळखणाऱ्या यंत्रानं ते खोकं जवळ येताच बोंब ठोकली.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. पांढऱ्या पोशाखातली माणसं, रिकामी केलेली शेड, लाल अक्षरं. पेटीत कारखान्यात धातूच्या नळ्यांच्या आतल्या भेगा शोधायला वापरतात तसलं किरणं टाकणारं काहीतरी होतं. ज्यानं पाठवलं त्यानं नियमांची कटकट नको म्हणून पंपाचे भाग असं खोटं लिहून दिलं. तो कोण, कुठला, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

लोक घाबरले यात त्यांची चूक नाही. मीही घाबरले. डोक्यावरून विमानं जातात, खाली आपण राहतो, आणि असली वस्तू नळाच्या तोटीसारखी इकडून तिकडे फिरते, तर माणसानं घाबरायलाच हवं. जाबही विचारायला हवा. पण घाबरून बोट कुणाकडे दाखवायचं, हा प्रश्न आहे ना. खोटं लिहिणाऱ्याकडे? मान वर न करणाऱ्याकडे? छे. बोट दाखवायला शेडमधली एक विधवा बाई सापडली आणि सगळ्यांचं काम सोपं झालं. सुपरवायझरनं चौकशीत सांगितलं की एका महिला कर्मचाऱ्यानं धोक्याच्या चिन्हाचा खेळखंडोबा केल्यामुळे खरा धोका ओळखता आला नाही. आपल्या खुर्चीचा त्यानं उल्लेख केला नाही. मावशीनं येऊन सांगितलं होतं, यावर त्यानं कानांवर हात ठेवले. ज्या दोघींनी ऐकलं होतं त्या मूग गिळून गप्प बसल्या. त्यांनाही नोकऱ्या टिकवायच्या होत्या, पण माझ्या मनातून त्या उतरल्या त्या उतरल्याच. मावशीला घरी बसवलं आणि टीव्हीवर तिच्या डब्याचा फोटो झळकला.

शेडमधल्या सगळ्यांची तपासणी झाली. मावशीला मीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र तिच्या केसांपासून तळव्यांपर्यंत फिरवलं, रक्त पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही. पेटी बंद होती, आतलं शिशाचं अस्तर शाबूत होतं. दिव्याजवळ बसलं म्हणून दिवा अंगाला चिकटून घरी येत नाही. यांच्यापासून कुणाला काही होणार नाही." मी सांगितलं, हे मावशीच्या घरमालकाला सांगा. त्यांनी माझ्यासमोर त्याला फोन लावला आणि सगळं परत समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही असंच म्हणणार. झाकपाक करायलाच बसलाय तुम्ही लोक." फोन ठेवताना बाईंचा चेहरा पडला होता.

या घरमालकाला मावशीची खोली कधीची हवी होती. मधली भिंत पाडून ती त्याला शेजारच्या, आपल्या मुलाच्या खोलीला जोडायची होती. मावशी लग्न होऊन त्या खोलीत आली, काका तिथंच गेले, आणि तिला जायला दुसरी जागा नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, "जावयाच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस. पाचव्या दिवशी मी ओझं." एरवी घरमालकाला काही करता येत नव्हतं. आता त्याच्या हातात कोलीतच आलं. तो जिन्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, बाईनं हात लावलेल्या प्रत्येक वस्तूत विष आहे, कठडा धरू नका, टाकीचं पाणी पिऊ नका.

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त तिडीक गेली ती समोरच्या बाईमुळे. तिच्या बाळंतपणात मावशीनं इस्पितळाच्या बाकावर रात्री काढल्या होत्या. त्या बाईनं मावशीनं दिलेलं पातेलं कचऱ्यात टाकलं. नुसतं टाकलं नाही, चिमट्यानं धरून, सगळ्यांना दिसेल असं टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या दारावर पंखा. पिवळ्या घोटीव कागदावर काळ्या रंगानं काढलेला, घरचाच. मावशी बाहेर आली, बराच वेळ बघत राहिली आणि समोरच्या बंद दाराकडे तोंड करून म्हणाली,

"चार पाती काढलीस. तीन असतात."

घरमालकानं सांगितलं, रविवारपर्यंत खोली सोडा, नाहीतर माणसं आणून सामान बाहेर काढतो. आम्ही पोलिसात गेलो. तिथल्या माणसानं पत्ता ऐकला, मावशीकडे नीट पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. तक्रार बाहेरच्या पेटीत टाका म्हणाला. मी तिथं त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मावशी मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

रविवारी मी सकाळीच गेले. मावशीनं सामानाला हातही लावला नव्हता. केस विंचरून, स्वच्छ साडी नेसून ती पलंगावर बसली होती. घरमालक आला, मागे एक मुकादम आणि चार हमाल. सगळा मजला दारांच्या फटीतून बघत होता. हमाल दाराशी आले आणि थबकले.

"हा पंखा कसला?" मुकादमानं विचारलं.

"काही नाही हो. उगाच चिकटवलाय कुणीतरी," घरमालक म्हणाला.

मुकादमानं मावशीकडे पाहिलं. "ह्या विमानतळावरच्या त्या का? टीव्हीवरच्या?"

"तपासणी झालीय त्यांची. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मला फोन केला होता. काही नाही निघालं. एकदम स्वच्छ."

मी तोंड उघडणार होते, मावशीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आठवडाभर ज्या माणसानं अख्ख्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळवलं, तो आता हमालांना समजावत होता की हे कपाट कसं निर्धोक आहे आणि हा पलंग कसा साधा लाकडाचा आहे. डॉक्टरीणबाईंचं दिव्याचं उदाहरणसुद्धा त्यानं दिलं, अगदी शब्दाला शब्द.

मुकादमानं शांतपणे ऐकून घेतलं. "काही नाही म्हणता?"

"काही नाही."

"मग बाईंना काढताय कशाला?"

समोरचं दार हळूच लागलं.

मावशी उठली. "कपाट जड नाही," ती म्हणाली. "मालक, तुम्ही एक टोक धरा, मी दुसरं धरते. तुम्ही हात लावला की हे लोकही लावतील."

घरमालकानं दोन्ही हात खिशात घातले. मावशी एक पाऊल पुढे आली तसा तो एक पायरी खाली गेला. ती आणखी एक पाऊल पुढे आली, तो आणखी एक पायरी खाली. त्याची मान लाल झाली होती. मुकादमानं हमालांना खूण केली. "आमची पोरंबाळं आहेत, साहेब. आधी तुम्ही उचला, मग आम्हाला बोलवा." ते गेले. त्यांच्या मागोमाग तोही गेला, कठड्याला हात न लावता.

मावशी आत येऊन पलंगावर बसली. मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. "मी जिना उतरले की लोक पायरी सोडून उभे राहतात," ती म्हणाली. "ही समोरची बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवायची. संताप होतो गं. नुसता संताप होतो." तिला इतकं उघड बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मला काहीतरी फाडायचं होतं. मी दाराशी गेले आणि त्या पिवळ्या कागदाचा एक कोपरा ओढला. तो सुटला.

"राहू दे," मावशी म्हणाली.

"हे घाणेरडं काहीतरी दारावर ठेवायचं?"

"काल शेडमधून फोन आला होता. चौकशी संपली. सुधारणा केली म्हणे. सगळे पंखे खरवडून काढले, सगळ्यात आधी संडासावरचा."

"आणि?"

"आणि काय. त्याच दिवशी कडी तुटली."

ती उठली. खणातून पट्टीचं भेंडोळं काढून दारापाशी आली, दातांनी तुकडा तोडला आणि मी सोडवलेला कोपरा अंगठ्यानं दाबून परत बसवला. मग उरलेले तीनही.