सत्तावीस सत्कारांनंतरचं गाणं

उत्तरेश्वर पेठेतला कृष्णात सकाळी म्हशीची धार काढतो, दिवसभर लेथवर राबतो आणि उरलेल्या वेळात पंक रॉक गातो. गातो म्हणजे ओरडतो. तो स्वतःच तसं सांगून मोकळा होतो, दुसऱ्यांना बोलायला काही ठेवत नाही. त्याच्या बँडचं नाव ‘बोंब’. पंधरा वर्षांत चार गिटारवाले झाले, त्यातले दोघे लग्नानंतर सुधारले.

परदेशी बँड त्यानं पुष्कळ ऐकले, पण ओरडायला शिकला तो बापाकडून, आकारामांकडून. ते मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचे. तीस वर्षं, रोज. हे कृष्णातनं मुलाखतींत सगळ्यांना सांगितलं, फक्त आकारामांना नाही. आणि आकारामांनी पोराचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. असली थेरं बघायला आपण येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सुनावलं होतं.

यंदा पेठेतल्या तालीम मंडळानं बँडला कार्यक्रमासाठी घरापुढच्या चौकातच बोलावलं. कसे कोण जाणे, आकाराम आले आणि पहिल्या रांगेत बसले. आज बापानं एक तरी गाणं ऐकावं, एवढंच कृष्णातला हवं होतं.

परवानगी संध्याकाळी सहा ते आठ. सहाला सत्कार सुरू झाले. आधी माजी नगरसेवक, मग मंडपवाला, मग वीज जोडून देणारा. एकाला शाल घातली आणि शेजारच्याला नाही, तर पेठेत वर्षभर बोलणं बंद होतं. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं सत्कारांवरच आहे. तरी आपला फेटा बांधून घेताना कृष्णात गुमान वाकला. सत्तावीस सत्कार झाले. पावणेआठला तालमीचे अध्यक्ष बाळासो आभार मानायला उभे राहिले आणि आठला पोलिसांनी माईक बंद करायला लावला.

लोक उठले. आकारामही गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. कृष्णातला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तो स्टेजवरून उतरला, फेट्यासकट बापापुढे उभा राहिला आणि तसाच एक अख्खं गाणं ओरडला. पोलिसांनीही ऐकून घेतलं. उघड्या तोंडाला परवानगी लागते का, हे त्यांना नक्की माहीत नव्हतं.

आकाराम सरळ उभे राहिले.

“दम गळ्यातनं घ्यालास,” ते म्हणाले. “पोटातनं घे की.”

मग त्यांनी घसा खाकरला आणि सौद्यातल्यासारखं पुकारून दाखवलं. मंडप सोडणारी माणसं हातात दोर धरून तशीच थांबली.