भाऊंवरच्या सिनेमाची चोरी

ती घटना आठवली की आजही मी एकटा बसलेला असलो तरी हसू येतं. तेव्हा मी सातपूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

कारखान्यातल्या एका फिटरने सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून सिनेमा काढला होता आणि त्याचा जाहीर खेळही ठरला होता. विषय, आमच्या भागातल्या एका वजनदार नेत्याचं, म्हणजे भाऊंचं, विनोदी चरित्र. त्यात भाऊ एकाच बसथांब्याचं तीनदा उद्घाटन करतात. भाऊंचा एक कट्टर कार्यकर्ता तक्रार घेऊन आला. भाऊंची बदनामी होतेय, खेळ बंद पाडा म्हणाला. सिनेमा पाहिलात का, असं विचारल्यावर त्याने कानाला हात लावले. मी त्याला कोर्टाचा रस्ता दाखवला.

खेळाच्या आठवड्यातच फिटर रडवेला होऊन ठाण्यात आला. त्याच्या छोट्या वर्कशॉपचं कुलूप तोडून कुणीतरी हार्ड डिस्क नेली होती. संगणक बिघडल्यामुळे सगळा सिनेमा त्या एकाच डिस्कवर होता. ती गेली तर त्याच्या दोन वर्षांच्या सुट्ट्या आणि मित्रांची मेहनत मातीत जाणार होती. मला त्याची फार दया आली. गुन्हा दाखल करून पंचनाम्याला गेलो, तर तिथली तांब्याची तार जागच्या जागी. तांबं सोडून डिस्क उचलणारा चोर आमच्या हद्दीत अजून जन्मायचा होता.

दुसऱ्याच दिवशी चौकातल्या चहावाल्याने खबर दिली.

"साहेब, त्या कार्यकर्त्याच्या ऑफिसात शटर ओढून पोरं लय हसत होती. मी चहा घेऊन गेलो तर पटकन लॅपटॉप मिटला."

कार्यकर्त्याला चौकशीला बोलावलं. गडी पक्का. सिनेमा पाहिलेला नाही, डिस्क कशी असते ठाऊक नाही, हेच पालुपद. दमदाटीचा उपयोग नव्हता. मग मी चहा मागवला. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुठे, यावरून माणसाचं वजन ठरतं. नेत्याशेजारची जागा मिळवायला लोक वर्षभर राबतात. ते लक्षात ठेवून मी सहज म्हणालो, "काही म्हणा, सिनेमातल्या फ्लेक्सवर तुम्हाला भाऊंच्या अगदी शेजारी घेतलंय म्हणे."

तो ताडकन उठला. "कुठं शेजारी? खालच्या रांगेत टाकलंय मला! पार कोपऱ्यात!"

माझ्या हवालदारांनी तोंडाला रुमाल लावला. कार्यकर्ता हळूच खाली बसला आणि म्हणाला, "डिस्क स्कूटरच्या डिकीत आहे."

कोर्टाचा आदेश घेऊन मुद्देमाल फिटरच्या ताब्यात दिला. पुढे दोघांनी कोर्टातच तडजोड केली.

खेळाला भाऊ स्वतः सपत्नीक आले. बंदोबस्ताला मी होतोच. बसथांब्याचा प्रसंग आला तरी सभागृहात कुणी हसेना. सगळ्यांचे डोळे भाऊंच्या चेहऱ्याकडे. फिटर भिंतीला टेकून घाम पुसत होता. तेवढ्यात वहिनी खळखळून हसल्या.

"बसथांब्याचं काय घेऊन बसलात," त्या शेजारणीला म्हणाल्या, "घरी नवा मिक्सर आला तरी यांना फीत लागते."

सगळ्यात आधी भाऊच हसले. मग जे सभागृह हसत सुटलं, ते शेवटपर्यंत. तो कार्यकर्ताही डोळे पुसत होता. इतका आनंदाचा बंदोबस्त मी पुन्हा केला नाही.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. नेत्याची बदनामी झाली म्हणून कुणी तावातावाने ठाण्यात आलं, की मी आधी खुर्ची द्यायचो, पाणी द्यायचो आणि विचारायचो, "त्यात तुम्हाला कुठं दाखवलंय?"